चार दिवसांचं टपाल

परंदवडी
२६ नोव्हेंबर २०२४

रूपा,

तुला मी कधी पाहिलेलं नाही, तरी आजपासून तू माझी जोडीदार. मोबाईलवरच्या ‘सहा तारा’ ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, आणि तुझ्या वाट्याला मी आलेय. ग्रुप मीच काढलाय, म्हणून फार शहाणपणा करते असं लोक म्हणतात. करत असेन. वय एक्केचाळीस, शाळेत शिकवते, लग्न मोडून बारा वर्षं झाली, आई आणि धाकटा भाऊ निलेश यांच्याबरोबर माहेरी राहते. तिसाव्या वर्षी गिटार हातात घेतली तेव्हा अख्खी आळी हसली होती, त्या रागातून हा ग्रुप निघाला. उर्से टोलनाक्यावरचा सत्यम यात आहे, गाड्यांची रांग बघत चाली बांधतो. लोणावळ्याची कोमल आहे, चिक्कीच्या दुकानात बसून गाणी लिहिते. एकशे ऐंशी जण आहेत आणि धड कुणालाच वाजवता येत नाही. म्हणून तर ग्रुप.

आपल्याकडे जोडीदाराला कागदावर पत्र लिहायचं असतं. ग्रुपवर नुसते अंगठे आणि बदाम पडतात, त्यानं कुणी शिकत नाही. एकमेकांना फोन करायचा नाही, फोन केला की पत्र लिहायचं राहतंच. इथून लोहगडवाडी जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण टपालाला चार दिवस लागतात. लागू देत. चार दिवस माणूस विचार तरी करतो.

दुसरं, आधी चांगलं काय ते सांगायचं, चूक नंतर. तुझं गाणं मी सात वेळा ऐकलं. ‘पहिला फटका गुडघ्यावर, दुसरा पडला पाठी, तिसऱ्या फटक्याला बा म्हणाला, पोरी, आण माझी काठी.’ हे ऐकून माझा चहा गार झाला. स्ट्रोक मारतेस ते फटक्यासारखेच बसतात. वर्षभरात ग्रुपवर असं काही आलं नव्हतं.

आता चूक. तू म्हणतेस ‘चार माणसं आली’. कोण चार? गाण्यात खरी नावं आणि खरी जागा हवी, हा आपला तिसरा नियम. नाव न घेता मारलेली हाक कुणाला ऐकू जाते? घे नाव, घाबरू नकोस, मी आहे.

आणि हे कळव की ग्रुप तुला सापडला कसा. आणि तुझ्या गिटारला पाचच तारा आहेत का? तसं वाटलं.

तुझी जोडीदार,
सारिका


लोहगडवाडी
४ डिसेंबर २०२४

सारिकाताई,

पोस्टमननं टपरीवर पत्र दिलं तवा आय म्हणाली, कोर्टाचं हाय का बघ. आमाला दुसरं कुणी लिहीत न्हाई.

आधी चांगलं सांगायचं, तर तुमचं अक्षर चांगलं हाय. व्हय, पाचच तारा हायेत. दोन वर्सामागं मुंबईचा एक पोरगा गडावर आलता, तार तुटली तर आमच्या टपरीवर गिटारच ठेवून गेला. मी मोबाईलवर बघून शिकले. वाडीत रेंज न्हाई, टपरीमागं एक मोठा दगड हाय, त्याच्यावर चढलं की रेंज येते. गाणं तितनंच धाडलं.

गाण्यातलं सगळं झालेलं हाय. भाऊबिजेच्या दिवशी दुपारी आमच्या उतारावर जेसीबी आला. नाचणी कापून पडलेली. तितं फार्महाऊसचे प्लॉट पाडायचेत म्हणं. माझा बा कोंडू जेसीबीपुढं बसला. जीपमधनं चार जण आलते, तिघं उतरले, तोंडाला रुमाल, हातात लोखंडी पाईप. पयला फटका गुडघ्यावर दिला. हाड मोडतं तवा वाळकी काटकी मोडल्यावानी आवाज येतो, मला म्हाईत नव्हतं. मी पुढं गेले तर एकानं पोटात लाथ घातली. मी करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. बा म्हणाला, पोरी, काठी आण. काठी दहा पावलावर व्हती. मी उठले न्हाई. पोटात लागलेलं म्हणून न्हाई, भ्याले म्हणून.

पाठीवर मारलं, बरगड्यावर मारलं. शेवटी जीप चालवणारा चौथा खाली उतरला. त्यानं बाचा जबडा फोडला, लागोपाठ तीन घाव. का, ते पुढच्या खेपंला लिहीन. मग मागं घेताना जीप बाच्या मोडक्या पायावरनं नेली. बा नऊ दिस जगला. बोलता येईना, दात घशात गेलते. चौकीत लिवलंय, पाय घसरून पडला. माझा भाऊ लखन तवा लोणावळ्याला हॉटेलात कामाला व्हता. तो आल्यापासनं कुणाशी बोलत न्हाई.

जीपच्या नंबरावर चिखल फासलेला. नाव म्हाईत न्हाई, म्हणून गाण्यात न्हाई.

ग्रुप कसा सापडला इचारलंत. एका ठिकाणी तुमचा पिवळा स्टिकर बघितला, सहा तारा काढलेला. असे पिवळे किती लावलेत, आन कुटं कुटं?

रूपा कोंडू


परंदवडी
११ डिसेंबर २०२४

रूपा,

पत्र वाचून मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चांगलं काय ते सांगायला जीभ वळत नाही, पण नियम म्हणजे नियम. तू ‘भ्याले म्हणून’ असं लिहिलंस. दुसरी कुणी असती तर पोटातल्या लाथेवर ढकलून मोकळी झाली असती. ज्याला एवढं खरं लिहिता येतं त्याला गाणं येणारच.

त्या चौघांचं मुडदं बशिवलं. असल्यांना भर बाजारात उघडं करून मारलं पाहिजे. मी मास्तरीण आहे, असं बोलू नये, पण बोलते. मी सोडणार नाही हे प्रकरण. तू फक्त एक तरी नाव शोध. एक सापडलं की बाकीचे आपोआप बाहेर पडतात. नाव मिळालं की मी स्वतः तुझ्याबरोबर चौकीत येते, हा माझा शब्द.

भाऊबिजेला आमच्याकडे काय चाललं होतं ते आठवून लाज वाटली. मी ओवाळायचं ताट घेऊन निलेशची वाट बघत बसलेले. तो प्लॉटिंगची कामं बघतो, सणालाही घरी नसतो. दिवस मावळल्यावर आला तो उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळून. वाटेत कुत्रं चावलं म्हणाला, आठ टाके पडले, पाच सुया घ्याव्या लागल्या. मी तसंच ओवाळलं. तिकडे तुझा बाप पडला होता आणि इकडे मी भावाच्या अंगठ्यासाठी रडत होते.

स्टिकरचं विचारलंस, त्यानं बरं वाटलं. सहा तारा म्हणून सहाच छापले, सहा रंगांत. हिरवा माझ्या स्कूटरवर, निळा शाळेतल्या कपाटावर, लाल कोमलच्या दुकानाच्या काचेवर, पांढरा ग्रुपमधल्याच प्रतीक्षाच्या गिटारपेटीवर, जांभळा माझ्या गिटारवर. पिवळा एकच आहे, तो निलेशच्या जीपला मागच्या काचेवर लावला. तो कटकट करत होता, पण मी म्हटलं, तू डोंगरदऱ्यात फिरतोस, कुणीतरी वाचेल. बघ, तू वाचलास. घरी सांगितलं तर म्हणेल काय, ताईचं येड कामाला आलं.

सोबत एक तार पाठवते. पातळ आहे, लावताना बोट कापेल, जपून.

सारिका


लोहगडवाडी
१७ डिसेंबर २०२४

सारिकाताई,

तार मिळाली. लावली. आता गिटार पुरी वाजते, हे चांगलं.

बाचा जबडा का फोडला ते लिहीन म्हणलेलं. चौथ्यानं बाच्या तोंडावर हात दाबला, वरडू नये म्हणून. बानं त्याचा उजवा अंगठा चावला. हाडापतुर दात गेले. रगत बाच्या हनुवटीवरनं गळ्यात आलं. तो अंगठा सुटंना म्हणून जबड्यावर पाईप घातला. तिसऱ्या घावाला सुटला.

ते कुत्रं माझा बाप व्हता, ताई.

त्याला पाच सुया मिळाल्या. माझ्या बाला पयल्या दिवशी सलाईनसुद्धा सांजच्याला लावलं.

जीप गेली तवा मी जाळीत पडल्या पडल्या मागची काच बघितली. पिवळा स्टिकर, सहा तारा, खाली ग्रुपचं नाव. तेवढंच वाचलं आन पाठ केलं. मी गाणं शिकाया ग्रुपमधी आले न्हाई. जीप कुणाची ते हुडकाया आले. तुमी एवढं गोड लिवलंत की मला चोरासारखं वाटाया लागलं. खरं तर आता गाणंबी पायजे वाटतं. पण बा आधी.

नवं कडवं केलंय. ग्रुपवर टाकलं न्हाई, जोडीदाराला पयलं दावते.

पिवळा स्टिकर काचेवर, त्यावर तारा सहा,
परंदवडीच्या निलेशराव, अंगठा तुमचा पाहा.

नाव घे म्हणालात, घेतलं. आता तुमी शब्द दिलाय तसं चौकीत चला. अंगठ्याचे कागद दवाखान्यात असतील. आमचं कुणी ऐकत न्हाई, तुमचं ऐकतील. दुसरं काय बी मागत न्हाई.

रूपा


परंदवडी
२२ डिसेंबर २०२४

रूपा,

तुझं पत्र मिळालं. तू माझ्या भावावर घेतलेला आळ खोटा आहे. निलेशला उर्से इथे कुत्रं चावलं, त्याचे कागद आहेत. त्या दिवशी तो लोहगडाच्या बाजूला आलाच नव्हता. पिवळे स्टिकर बाजारात कुणीही छापू शकतो.

आमचं घराणं गावात चार पिढ्यांचं आहे. कुणीही उठून नाव घ्यावं असं आमचं नाव नाही. तू खोटं सांगून ग्रुपमध्ये शिरलीस, म्हणून तुला ग्रुपमधून काढलं आहे. तुझं गाणंही काढलं आहे. ते कडवं कुठेही म्हटलंस तर कोर्टात खेचू. उतारावरची जमीन रीतसर घेतलेली आहे, तुम्ही लोकांनी तिथे पाऊल ठेवू नये.

माझ्या डाव्या हाताला दार लागलं आहे, कागद धरता येत नाही, म्हणून ओळी वाकड्या आल्यात.

यापुढे पत्र लिहू नकोस.

सारिका


लोहगडवाडी
३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सारिकाताई,

लिहू नको म्हणालात, तरी एक लिहिते. तुमच्या पत्रात चांगलं काय ते सापडलं न्हाई, आन तुमीबी काय चांगलं लिवलं नव्हतं.

माझं पत्र तुमी त्याला दावलंत ना? कारण गेल्या रविवारी सकाळी ती जीप वाडीत आली. मागच्या काचेवरला स्टिकर बिलेडनं खरवडलेला. पिवळा डाग ऱ्हायलाय.

चौघं व्हते, ह्या खेपंला रुमाल न्हाई. लखन दारात व्हता. त्याला उताणा पाडून मांडीवर पाईप घातले. मग कुणीतरी गिटार बघितली. तुमी धाडलेली तार काढून त्यांनी लखनचे दोन्ही अंगठे पाठीमागं बांधले. पातळ तार, तुमी लिवलं तसंच, कापली. मांस फाटून हाड दिसाया लागलं. तुमचा भाऊ म्हणाला, अंगठ्याला अंगठा. मग गिटार लखनच्या डोक्यात घातली. दोन घावात फुटली.

आय आडवी आली. तिचा हात धरून चुलीत घातला. माझी आय, बाया तिचं नाव, आजपतुर कुणाला वाकडं बोलली न्हाई. कोपरापतुर कातडी निघाली. ती वरडत व्हती तवा तुमचा भाऊ मला म्हणाला, म्हण की आता गाणं. मी म्हणलं न्हाई. तवा त्यानं माझ्या कानाखाली दिली, डाव्या कानानं अजून ऐकू येत न्हाई. चौकीत गेलो. स्टो फुटून भाजलं असं लिवून घेतलं. आमच्याकडं स्टो न्हाईच.

पत्र लिवायचं कारण. परवा रविवारी तुमचा भाऊ कुंपणाचे खांब घेऊन उतारावर येनार, प्लॉटवरला मुकादम सांगून गेला. लखननं कोयता लावलाय. अंगठ्याला फडकी बांधल्यात, मुठीत कोयता बसंना, म्हणून मनगटाला दोरीनं बांधून बघतोय. रोज बघतोय. तो मारनार, हे मला कळतंय. आय म्हणते अडव. मी अडवत न्हाई.

तुमाला भाऊ पायजे असंल तर तुमी अडवा. सांगितलं न्हाई असं म्हणू नका. हे पत्र आज टाकते.

रूपा


लोणावळा
३ जानेवारी २०२५, शुक्रवार

रूपा,

आधी चांगलं. तुझं सतरा तारखेचं पत्र हे मला आजवर आलेलं सगळ्यात खरं पत्र होतं.

आता माझी चूक. ते पत्र मी निलेशपुढे टाकलं. मला वाटलं, तो हसेल, म्हणेल काय वेडेपणा आहे हा. तो हसला नाही. मी ग्रुपसाठी चाल रेकॉर्ड करायला बसले होते, फोन चालूच होता. त्याला विचारलं, अंगठा कुणी चावला? तर म्हणाला, चावला म्हणून जबडा फोडला, सोडला असता तर म्हातारा जगला असता. इतक्या सहज म्हणाला. मी उठून दाराशी गेले, आईला हाक मारणार होते. त्यानं दार ओढलं. माझा डावा हात चौकटीत होता. एकदा ओढलं, मग उघडून पुन्हा ओढलं. मधली दोन बोटं सांध्यात मोडली. आई, सरुबाई, पलीकडे भाकरी करत होती. तिनं मान वर केली नाही. डॉक्टर म्हणतात बोटं आता वळणार नाहीत. म्हणजे गिटार संपली.

बावीस तारखेचं पत्र त्यानं शेजारी उभं राहून सांगितलं आणि मी लिहिलं. मुद्दाम ‘आधी चांगलं’ लिहिलं नाही. नियम मोडलेला बघून तुला कळेल असं वाटलं. कळलं का?

मी घर सोडलं. कोमलच्या चिक्कीच्या दुकानावर माळा आहे, तिथे राहते. काल एका वकीलबाईंना घेऊन पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्याचं बोलणं रेकॉर्ड झालंय, बोटं मोडल्याचा आवाजसुद्धा. ते दिलं, दवाखान्याचे कागद दिले, जबाब दिला. सख्ख्या भावाविरुद्ध जबाब देताना सही करताना हात अडला नाही, एवढा राग होता. सोमवारी सकाळी उचलतो म्हणाले. निलेशला यातलं काही माहीत नाही.

तोपर्यंत सांभाळा. घरातून निघण्याआधी त्याचं बोलणं ऐकलं, रविवारी तो खांब घेऊन तुमच्या उतारावर येणार आहे. तुम्ही कुणी तिकडे फिरकू नका, घरात कडी लावून बसा. एक दिवसाचा प्रश्न आहे.

दिलेला शब्द उशिरा पाळला, पण पाळला.

सारिका


लोहगडवाडी
२१ जानेवारी २०२५

सारिकाताई,

तुमचं पत्र सात तारखेला, मंगळवारी आलं. तवा लखन कोठडीत व्हता आन तुमच्या भावाला तुमी लोकांनी जाळलेलंबी व्हतं. माझं पत्र तुमाला त्याच मंगळवारी मिळालं असंल. चार दिसाचं टपाल.

न्हाई, बावीस तारखेचं मला कळलं नव्हतं. तुमीबी त्याच घरातल्या, असंच वाटलं.

रविवारी काय झालं ते तुमाला पोलिसांनी सांगितलं असंल. मीबी सांगते, कारण मी तितं व्हते. ह्या खेपंला जाळीत न्हाई, उभी व्हते. तुमचा भाऊ एकटा पुढं आलता, खांब घेऊन टेम्पो मागं व्हता. लखन खड्ड्यातनं उठला. पयला घाव उजव्या हातावर. मनगट तुटून कातडीला लोंबलं. तुमचा भाऊ वरडला न्हाई, हाताकडं बघत बसला. लखनला कोयता नीट धरता येत नव्हता, म्हणून एका घावात झालं न्हाई. खांद्यावर बसला, कानावर बसला, मग मानंवर. पाच घाव मोजले मी. मधी तुमचा भाऊ ‘ताई’ म्हणाला. कुणाला म्हणाला म्हाईत न्हाई. लखन मग तितंच बसला आन मनगटाची दोरी सोडवून दे म्हणाला. दोरी रगतानं फुगलेली, गाठ सुटंना, मी दातानं सोडली. तो चालत चौकीत गेला. आता त्यांनी पाय घसरून पडला असं लिवलं न्हाई.

बा पडला तितनं चार हातावर तो पडला. लखनला जन्मठेप लागंल म्हणतात. आय एका हातानं टपरी चालवते.

आता खरं लिहिते, तुमी म्हणला व्हता ना मला खरं लिवता येतं. तुमचा नंबर पयल्या दिवसापासनं माझ्या फोनमधी हाय, ग्रुपमधनं घेतलेला. शुक्रवारी पत्र टाकून मी रेंजच्या दगडावर चढले. रेंज चांगली व्हती. नंबर काढला. आय खालनं म्हणत व्हती, कर, बाई, कर. मला म्हाईत व्हतं की पत्र रविवारच्या आत पोचत न्हाई. म्हाईत असूनच टाकलं. सांगितल्यावानी व्हईल आन अडवलंबी जानार न्हाई. जोडीदाराला फोन करायचा न्हाई, असं मी आयला सांगितलं. नियम हाय म्हणलं.

फोन केला असता तर तुमी सोमवारचं सांगितलं असतं. लखन एक दीस थांबला असता. थांबला असता, ताई, मी सांगितलं असतं तर तो माझं ऐकत व्हता.

एवढंच. आता तुमी शिव्या घाला.

रूपा


लोणावळा
२ फेब्रुवारी २०२५

रूपा,

शिव्या घालायला बसले होते. दोन पानं लिहिली, फाडली. तुझं तीन तारखेचं पत्र पोस्टमननं शाळेत आणून दिलं होतं, त्याच मंगळवारी.

आधी चांगलं. निलेश शेवटी ‘ताई’ म्हणाला, हे तू लपवलं असतंस तर मला कधी कळलं नसतं. ते ऐकून मी माळ्यावर डोकं आपटून घेतलं. त्यानं माझी बोटं मोडली, तुझ्या आईचा हात जाळला, तरी तो माझ्या कडेवर वाढला होता. मला त्याचा संताप येतो आणि मला तो हवा आहे. दोन्ही एकदम होतं, त्याला मी काय करू? आई म्हणते, तूच मारलास. तिनं मला अस्थी सावडायलासुद्धा येऊ दिलं नाही.

तू खरं लिहिलंस, आता माझं ऐक. तुझा नंबर माझ्याकडेही होता. त्याच शुक्रवारी संध्याकाळी कोमलनं फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, रविवारी तो तिथे जाणार आणि तू पत्र कसलं टाकतेस, ते मंगळवारी जाईल. मी म्हटलं, आमचा नियम आहे. मला लखनची भीती होती. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की तो कुणाशी बोलत नाही. मला वाटलं, निलेश येणार असं फोनवर सांगितलं तर लखन दबा धरून बसेल. न सांगितलं तर फार तर काय होईल? निलेश आणखी एकदा तुम्हाला मारेल, सोमवारी पोलीस त्याला नेतील, आणि माझा भाऊ तुरुंगात का होईना, जिवंत राहील. तुमच्या पाठीवर आणखी एक मार पडू द्यायला मी तयार होते, रूपा. शांतपणे, पत्राला तिकीट चिकटवत. वर लिहिलं, शब्द पाळला म्हणून.

तू तुझा सूड राखलास, मी माझा भाऊ राखायला गेले. तुझा भाऊ गेला, माझाही गेला. नियम माझा होता. एवढा सोयीचा नियम मी आजवर कधी केला नव्हता.

लखनच्या खटल्यात मी साक्ष देणार आहे. अंगठ्यांचं, तारेचं, तुझ्या आईच्या हाताचं, सगळं सांगणार. ती तार मी पाठवली होती हेसुद्धा. निलेशच्या बहिणीनं सांगितलं तर शिक्षा थोडी कमी होईल, असं वकीलबाई म्हणतात. आई माझं तोंड बघणार नाही, ती आताही बघत नाहीच.

तुला ग्रुपमध्ये परत घेतलंय. तुझं पहिलं गाणं काल मीच टाकलं, तुझं नाव घालून. दुसरं कडवं तू टाक. निलेशचं नाव राहू दे. तो मेला म्हणून खोडू नकोस. त्याखाली लखनचंही नाव घाल, पाच घाव घाल. आणि शेवटी आपल्या दोघींची नावं घाल, फोन हातात घेऊन बसलेल्या. ते कडवं अवघड जाईल. मी चाल लावून देऊ शकत नाही, बोटं वळत नाहीत. माझी गिटार कोमल पुढच्या आठवड्यात टपरीवर आणून देईल. जांभळा स्टिकर मी काढलेला नाही, तुला नको असेल तर खरवडून टाक.

ग्रुपचा कागदाचा नियम मी आज मोडीत काढला. हे माझं शेवटचं पत्र. गुरुवारच्या आत तुला मिळणार नाही. गुरुवारी संध्याकाळी दगडावर चढ. नंबर तुझ्याकडे आहेच, तरी खाली लिहून देते. कर.

सारिका